भाव विचारावा की वाचावा?

हौशी : इथे जर्मनीत, फ्रायबुर्गला आपला कुणी नवीन आला की मी त्याला सांगतो, बँक, विमा, सिमकार्ड नंतर बघू, आधी म्युन्स्टरभोवतीचा बाजार बघून ये. त्या जुन्या चर्चच्या चहूबाजूंनी रविवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. उत्तरेला आसपासचे शेतकरी स्वतः पिकवलेलं घेऊन बसतात, दक्षिणेला व्यापारी असतात. संत्री, केळी, ऑलिव्ह, मसाले त्यांच्याकडे. उत्तरेच्या बाजूला वर्षभर हिंडलं की या मुलखाचं पंचांग पाठ होतं. मार्चअखेर रानलसणाच्या पानांच्या जुड्या, एप्रिलात मातीच्या वरंब्याखाली उजेड न लागू देता वाढवलेले ॲस्परॅगसचे पांढरे कोंब, मग रुबार्ब, स्ट्रॉबेरी, कायझरस्टूलच्या टेकड्यांवरची चेरी, शरदात भोपळे, थंडीत कोबीची सगळी भावकी. ॲस्परॅगस आणि रुबार्बची काढणी २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवसाच्या सुमारास थांबवायची असा रिवाज आहे, कारण मुळांना पुढच्या वर्षासाठी ताकद साठवायला वेळ हवा. मोठ्या दुकानात शिरलं तर बाहेर कुठला महिना चाललाय याचा पत्ता लागत नाही. शिवाय आपल्या लोकांसाठी बाजारात एक खास गोष्ट आहे, ती म्हणजे पाला. गाजर, मुळा, नवलकोल घेतलं की विक्रेती विचारते, पाला कापून टाकू का? मी म्हणतो, राहू द्या. मुळ्याच्या पाल्याची भाजी, बिटाच्या पानांचं पातळ असं दुकानातल्या छाटलेल्या, धुतलेल्या मालातून कसं होणार? शेपू इथे माशावर नाहीतर काकडीच्या सॅलडवर चार काड्या भुरभुरण्यापुरता घेतात. मी पाच जुड्या मागतो, तेव्हा बाई हमखास विचारते, एवढ्याचं करणार काय? तिथून बोलणं सुरू होतं.

शंकेखोर : काका, तुम्हाला सकाळी अकरा वाजता शेपूवर गप्पा मारायला सवड आहे, यातच बरंचसं उत्तर आलं. बाजार दुपारी दीड-दोनच्या सुमाराला गुंडाळतात. माझी हॉस्पिटलची सकाळची पाळी तेव्हा संपतही नाही. उरतो शनिवार. त्या दिवशी कॅमेरे गळ्यात घालून आलेल्या पर्यटकांच्या गर्दीतून पिशवी सांभाळत जायचं. आता पैशाचं बघा. शिकायला येणाऱ्या मुलांना व्हिसासाठी २०२४ च्या सप्टेंबरपासून महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, म्हणजे तेवढ्यात भागेल असं सरकार धरून चालतं. त्यातून खोलीचं भाडं, विमा, फोन वजा करा आणि मग शेतकऱ्याकडच्या टोमॅटोचा किलोचा भाव बघा. डिस्काउंट दुकानापेक्षा तो बहुधा चढाच असतो. बाजार सुंदर आहे, यावर माझं काही म्हणणं नाही. पण ते सौंदर्य कुणाच्या वेळावर आणि कुणाच्या पैशावर उभं आहे, हे विचारायला नको का? आपल्या पुण्याच्या मंडईचंच घ्या. १८८६ मध्ये ती उघडली. आज तिला नाव आहे महात्मा फुल्यांचं, आणि नगरपालिकेत असताना त्या इमारतीवर पैसा घालायला विरोध केला होता तोही फुल्यांनीच. तो शिक्षणावर लावा, असा त्यांचा आग्रह होता. मंडई देखणी झाली म्हणून त्यांचा प्रश्न चुकीचा ठरत नाही.

हौशी : प्रश्न बरोबर आहे, पण तू एकच बाजार धरून बसलीस. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी बर्लिनला गेलीस तर मायबाखऊफरला कालव्याच्या काठी जा. लोक त्याला तुर्की बाजारच म्हणतात. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तानमध्ये कामगारांचा करार झाला, त्यानंतर आलेल्या माणसांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या वस्तीत तो वाढला. तिथे ओरडून भाव सांगतात. संध्याकाळ व्हायला लागली की पेट्याच्या पेट्या उतरत्या भावात काढतात. कोथिंबीर आणि पुदिना धड हातात मावेल अशा जुडीत मिळतो. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या डबीत त्याच्या चार काड्या असतात. कोवळी भेंडी मिळते. उन्हाळ्यात आपली घोळाची भाजी मिळते, तुर्की लोक ती दह्यात घालून खातात. घोळ पुण्यात तरी किती जणांच्या घरी होते आता? म्हणजे बाजार श्रीमंत निवृत्तांचा, हे काही सगळीकडे खरं नाही. परक्या देशातून आलेल्या, हातात पैसा नसलेल्या माणसांनीच तो बाजार वाढवला. नुसतं इथलं पंचांग शिकून ते थांबले नाहीत, आपलंही त्यांनी त्यात लिहिलं.

शंकेखोर : हे उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. त्या बाजारातला बहुतेक माल शेतकऱ्याचा नसतोच. तो घाऊक बाजारातून येतो, आणि घाऊक बाजारात तो स्पेनहून, तुर्कस्तानहून, मोरोक्कोहून येतो. म्हणजे स्वस्त आणि ओळखीचं हवं असेल तर ताजं आणि इथलं ही अट सोडायची, आणि ताजं, इथलं हवं असेल तर स्वस्त सोडायचं. तुम्ही दोन वेगवेगळ्या बाजारांचे दोन गुण उचलून एकाच टोपलीत घालताय. बरं, ‘इथलं’ म्हणजे तरी काय? एवढं कौतुक ज्या ॲस्परॅगसचं, तो जमिनीतून कापतात रोमानिया आणि पोलंडहून हंगामापुरते आलेले मजूर. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे सीमा बंद होत्या, तरी काढणीसाठी रोमानियातून माणसं खास विमानांनी आणली. मे महिन्यात जे ‘इथलं’ सफरचंद तुम्ही घेता, ते आदल्या शरदात उतरवलेलं असतं. हवेतला प्राणवायू एक-दोन टक्क्यांवर आणलेल्या थंड खोलीत ते महिनोन् महिने निजलेलं असतं. मला त्यात काहीही वावगं वाटत नाही, तंत्र उत्तम आहे, पण मग ताजेपणाचं गाणं गाऊ नये. आणि अंतराचा हिशोब म्हणाल, तर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकी घरांच्या अन्नाचा हिशोब मांडला होता. अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा निघाला ११ टक्के, आणि उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा फक्त ४. बाकीचा बहुतेक सगळा भार पिकवण्यातला आणि बनवण्यातला. म्हणजे जवळून आणलं यापेक्षा काय खाल्लं हे जास्त मोजलं जातं. माझ्या फ्रीजरमधले मटार तोडल्यावर लगेच गोठवलेले असतात. तीन दिवस गाडीत आणि फळीवर काढलेल्या ‘ताज्या’ शेंगांपुढे त्यांनी मान खाली घालायचं कारण नाही.

हौशी : बरं, ताजेपणा सोडला. किलोमीटरही सोडले. तरी एक गोष्ट उरते, आणि खरं सांगायचं तर मी बाजारात जातो ते तिच्यासाठी. तिथे विचारता येतं. रुबार्बचे देठ मी पहिल्यांदा उचलले ते आंबटपणासाठी. आमटीत कैरीच्या जागी चालतील, असं वाटलं. आपली सवय अशी की देठ घेतला तर पान का सोडायचं? विकणाऱ्या बाईनं बजावलं, पानं चुकूनही शिजवू नका, विषारी असतात. रानलसणाचंही तसंच. जंगलात तो फुकट मिळतो, म्हणून लोक तोडायला जातात, आणि लिली ऑफ द व्हॅलीची पानं अगदी तशीच दिसतात, ती पोटात गेली तर जिवावर बेततं. पान चुरडून लसणाचा वास येतो का बघायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पहिलं पान चुरडल्यावर बोटांनाच वास लागतो, मग दुसऱ्या पानाची परीक्षा कशी करणार? हे मला कळलं ते बाजारात. स्विस चार्डच्या रुंद पानांवर डाळीचं पीठ लावून वळकट्या केल्या तर अळूवडीच्या जवळपास जाता येतं, हे मी एका शेतकऱ्याला सांगितलं, तर पुढच्या खेपेला त्यानं बाहेरची मोठी पानं माझ्यासाठी वेगळी काढून ठेवली. तू म्हणशील, भारतीय दुकानात अळू मिळतो. मिळतो खरा, पण २०१४ चा मे आठव. युरोपीय संघानं भारतातल्या आंब्यावर बंदी घातली, फळमाशी सापडली म्हणून. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा अडकला. हापूस पुढच्या वर्षी सुटला. पण तेवढ्यात कळलं की आपलं स्वयंपाकघर विमानाच्या पोटात टांगलेलं आहे, आणि एका कागदानं ते खाली येतं. त्या दिवसांत ज्याला इथल्या पानांची ओळख होती, त्याची वडी अडली नाही.

शंकेखोर : विचारता येतं म्हणालात, ते मला उलट्या बाजूनं माहीत आहे. तिथे विचारावंच लागतं. मालाला हात लावायचा नाही. आपली भेंडीचं टोक मोडून बघायची, टोमॅटो बोटानं दाबून बघायची सवय पिशवीतच ठेवायची. विकणारी निवडणार, तीच भरणार, आपण बोलायचं. मी नवी आले तेव्हा वर्गात शिकलेलं जर्मन एक होतं आणि ठेल्यामागची बाई बोलायची ते निराळंच. मागे रांग. मला हवे होते दोन टोमॅटो. दोनच मागताना ओशाळायला होतं, म्हणून मी अर्धा किलो म्हणायचे, कारण ते शब्द पाठ होते. मग ‘आणखी काही?’ या प्रश्नाला मान हलवून निघून यायचं. दुकानात यातलं काही नाही. भाव लिहिलेला, कुठल्या देशातला माल ते लिहिलेलं, तसं लिहिणं कायद्यानं बंधनकारक. दोन टोमॅटो घ्या, एक घ्या, परत ठेवा, कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. माझा उच्चार कुणी ऐकत नाही, माझी ऐपत कुणी बघत नाही, मी कुठली हे कुणी विचारत नाही. लोक म्हणतात, सुपरमार्केटनं माणसाला एकटं पाडलं. मला त्यानं अब्रू दिली. आणि तुम्हाला तोंडी शब्दावर इतका भरवसा असेल तर त्याच म्युन्स्टरच्या दारात जाऊन बघा. प्रवेशाच्या देवडीत दगडावर पावाची मापं कोरलेली आहेत, शेजारी सालं आहेत, १२७०, १३१७. पाव कमी भरला का हे गिऱ्हाइकाला ताडून बघता यावं म्हणून. साडेसातशे वर्षांपूर्वी त्याच बाजारात, रोजच्या ओळखीच्या बेकरीवाल्याच्या शब्दावर लोक विसंबले नव्हते. छापील लेबलाची ती पणजी आहे.

हौशी : दगडाचं उदाहरण छान काढलंस, पण तो दगड उभा कुठे आहे ते बघ. बाजाराच्या मध्यावर. माप लिहून लोक घरी गेले नाहीत. पाव हातात घेऊन देवडीत यायचं, मापाला लावायचा, कमी भरला तर बेकरीवाल्याला गाठून चारचौघांत जाब विचारायचा, अशी ती सोय. लेखी माप तोंडी भांडणाला बळ देत होतं. तुझं लेबल आपण होऊन तेवढं करत नाही. कायद्यानं जे विचारलं त्याचं उत्तर त्यावर असतं, तुझ्या मनात आलेल्या प्रश्नाचं नसतं. देश स्पेन, ठीक. कुठल्या रानातलं, कुणी तोडलं, पाण्याची काय सोय होती, याचं काय? आता अब्रूचं. पहिल्या वर्षी ती ढाल लागते हे मला समजतं, पण ढाल खाली कधी ठेवायची? आपल्यातले कितीतरी लोक इथे दहा-दहा वर्षं राहतात, ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी, दुकानात यंत्रासमोर बारकोड दाखवायचा. त्यांना जर्मन भाषेत कुणाशी भांडायची वेळ आलेली नसते आणि कुणाची समजूत घालायचीही. आपलं काही अडत नाही असं त्यांना वाटतं. या गावाचंही त्यांच्यावाचून काही अडत नाही, हे मात्र त्यांच्या लक्षात येत नाही. दोन टोमॅटो मागताना लाज वाटते, हे खरं. पण त्याच बाईकडे तिसऱ्या शनिवारी दोन टोमॅटो मागितलेस की ती लाज ओसरते. ती दुकानात ओसरणार नाही, कारण तिथे ती उघडीच पडत नाही.

शंकेखोर : पण भाजी घेणं हीच गावात मिसळण्याची परीक्षा, हे कुणी ठरवलं? मी दिवसभर हॉस्पिटलात जर्मनमध्येच बोलते. घाबरलेल्या म्हाताऱ्यांशी, चिडलेल्या नातेवाइकांशी, वैतागलेल्या डॉक्टरांशी. भांडणंही होतात आणि समजूतही घालते. कर भरते. एवढं केल्यावर संध्याकाळी अर्धा तास मला कुणाशी बोलायचं नसेल तर मी या गावाची कमी होते का? आता जरा टोचेल असं बोलते, काका. पुण्यात असताना तुम्ही भाजीवालीशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करायचात की नाही? वर कोथिंबीर, कढीलिंब फुकट मागून घ्यायचात. इथे तीच माणसं पाटीवरचा भाव वाचून गुपचूप पैसे मोजतात, वर ‘तुमची पानं फार सुंदर आहेत’ म्हणून कौतुक करतात. मंडईतल्या बाईला कधी विचारलंत, माल कुठून आला, तोडणाऱ्याला काय मिळालं? बाजारावरचं हे प्रेम परदेशात आल्यावर उगवलं असेल, तर ते बाजारावरचं नाही. गोऱ्या शेतकऱ्यानं आपल्याला ओळखलं, याचं ते सुख आहे.

हौशी : टोचलं. आता उत्तर दोन भागांत देतो. पहिला भाग बचावाचा. आपल्याकडे घासाघीस हेच बोलणं असतं. ती चाळीस सांगते ते तीस ऐकायच्या तयारीनं, आणि ‘राहू द्या, नका घेऊ’ म्हणायचा हक्क तिलाही असतो. त्यात ओळख असते, थट्टा असते, मुलाच्या परीक्षेची चौकशी असते. इथला रिवाज वेगळा, म्हणून वागणं वेगळं. पण एवढ्यानं तुझा मुद्दा संपत नाही. तिथे मी वरचढ होतो. माझ्याशी गोड राहणं तिची गरज होती, माझी नव्हती. इथे पारडं फिरलं. गरज मला आहे, म्हणून मी नम्र आहे. म्हणजे बाजार माणसाला चांगला करतो, हे माझं म्हणणं टिकत नाही. बाजार फक्त कोण कुठे उभा आहे ते दाखवतो. पण माझं म्हणणं आता एवढंच आहे की दाखवतो तरी. तुझं दुकान तेही दाखवत नाही. तुझ्या अब्रूची किंमत कुणीतरी मोजतंच. कोपऱ्यात ट्रॉली ओढत फळ्या भरणारी बाई मोजते, आणि तिच्याही मागे, कुठल्याशा शेडमध्ये माल भरणारा मोजतो. तुला कुणी बघत नाही तसं त्यांनाही कुणी बघत नाही.

शंकेखोर : ॲस्परॅगस कापणारा रोमानियाचा माणूस बाजारात तरी कुठे दिसतो? ठेल्यामागे मालकीणबाई असते, ती तुमच्याशी हसून बोलते, आणि त्या हसण्यात तो आणखी झाकला जातो. दुकानात निदान मला असा भ्रम होत नाही की मी पिकवणाऱ्याला भेटून आले. पण तुम्ही बोलताना मला आपल्या भांडणाचं मूळ दिसलं. आपण भाजीवर भांडत नाहीच आहोत. तुम्ही म्हणताय, कुणीतरी आपल्याला ओळखावं. मी म्हणतेय, कुणी ओळखायच्या आधी मला अनोळखी राहण्याचा हक्क हवा. गोऱ्या माणसाला या गावात तो आपोआप मिळतो. त्यानं बाजारात दोन टोमॅटो मागितले तर तो दोन टोमॅटो मागणारा माणूस असतो. मी मागितले तर मी कुठून तरी आलेली बाई असते, आणि टोमॅटो मागून येतात. तुम्हाला शेपूच्या पाच जुड्यांवर प्रश्न आला की बोलणं सुरू झालं असं वाटतं. मला वाटतं, पुन्हा एकदा आपलं खुलासा देणं सुरू झालं.

हौशी : हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. तुझ्या जागेवरून ते खरंच असणार. पण अनोळखी राहण्याच्या हक्काची सवय होते, आणि मग तो हक्क आहे की पळवाट हे आपलं आपल्यालाच कळेनासं होतं. तुझ्यापुरती एक खूण सांगू? ज्या वर्षी तुझ्याकडे शनिवारची सकाळ मोकळी असेल, खिशात पैसे असतील, भाषा तर आत्ताच माझ्यापेक्षा चांगली आहे, त्या वर्षीही तू यंत्रासमोरच उभी राहिलीस, तर तो हक्क होता असं म्हणता येईल का?

शंकेखोर : म्हणता येईल. हक्क वापरायला कारण द्यावं लागत नाही. पण तुम्ही खूण मागितलीत, तर एक तुमच्यासाठीही ठेवते. आज ठेल्यामागे शेतकरी आहे, त्याची भाषा पक्की, तुमची कच्ची, म्हणून तुम्ही थांबून ऐकता. उद्या त्याच ठेल्यामागे अडखळत बोलणारी, हिशोबाला वेळ लावणारी, परवाच कुठूनशी आलेली मुलगी उभी असेल. तेव्हा तुम्ही तिला तितकाच वेळ द्याल की पुण्याचा हात बाहेर काढाल? तिनंही तुम्हाला भाजी किती घेता याच्या पलीकडे काही विचारू नये, असं तुम्हाला वाटेल की तिनंही कौतुकानं विचारावं, काका, तुम्ही कुठले?

हौशी : मनापासून सांगतो, मला नाही माहीत. आणि आपण दोघंही आपापल्या खुणेत नापास झालो तर?

शंकेखोर : तर भाजी ताजी होती, एवढाच तुमचा मुद्दा उरेल.

हौशी : आणि तो तर तू मघाशीच खोडून काढलास.